तरुणांच्या वर्गात ग्रंथाचा पाठ कसा द्यावा?

॥ रामकृष्णहरि ॥

पुणे हे संप्रदायाच्या वाटेवरचे गाव. एका अंगास अलंकापुरी, दुसऱ्या अंगास देहू, आणि ज्येष्ठ वद्यात दोन्ही पालख्यांचा मुक्काम याच शहरात. श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात उतरते, श्रीतुकोबारायांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. त्या दोन दिवसांत सारे शहर वारकऱ्यांच्या पाया पडते. पण पालखी दिवे घाटाकडे वळली, की मागे राहिलेल्या शहरातल्या तरुण मुलास हरिपाठ येतो काय, ज्ञानेश्वरीतल्या चार ओव्यांचा अर्थ सांगता येतो काय, हा प्रश्न उरतोच. दारावरून गंगा जावी आणि घरातला घडा रिकामा राहावा, तसे हे आहे.

म्हणून पेठापेठांतून आणि उपनगरांतून तरुणांसाठी रविवारचे वर्ग चालवण्याची खटपट अनेक सज्जन करीत असतात. त्यांची तक्रार बहुधा एकच असते. पहिल्या महिन्यात सभामंडप भरतो, आणि चातुर्मास संपायच्या आत सतरंजीची एक घडी उलगडली तरी पुरते. मुलं जातात कुठे? कोणी म्हणतो मोबाईल, कोणी म्हणतो क्लास, कोणी म्हणतो कलियुग. या गोष्टी आहेतच; पण त्या आपल्या हातातल्या नाहीत. आपल्या हातात आहे तो पाठ. तो कसा द्यावा याविषयी चार शब्द लिहावेत, असे आमच्या मनात बरेच दिवस होते. हा लेख वर्ग चालवणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या घरात पंधरा ते पंचवीस वर्षांची मुलं आहेत त्या आईबापांसाठीही आहे.

परंपरेने काय दिले

या कामात पुण्याचे ऋण मोठे आहे. वैकुंठवासी विष्णुबुवा जोग महाराज यांचा जन्म १८६७ साली पुण्यातच झाला. त्यांच्यापूर्वी संप्रदायाचे शिक्षण घराण्यातून आणि फडातून मिळे. जो ज्या फडाचा, त्यास त्या फडावर ऐकून ऐकून जे येईल ते येई. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली आणि ज्यास शिकावयाचे आहे अशा मुलास बसावयास जागा करून दिली. पुढे तीनच वर्षांनी, १९२० साली, महाराज गेले. पण बंकटस्वामी, लक्ष्मण महाराज इगतपुरीकर, मारुतीबुवा ठोंबरे, सोनोपंत दांडेकर अशी माणसे त्यांनी उभी केली होती, म्हणून संस्था टिकली.

यांतले सोनोपंत म्हणजे आपले मामासाहेब. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि कीर्तनास उभे राहिले की शुद्ध वारकरी. १९५३ साली त्यांनी सार्थ ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि ती घरोघर गेली. शिकलेल्या माणसाने ग्रंथापुढे बसायचे कसे, याचे उदाहरण पुण्यास दूर शोधावयास नको.

आळंदीच्या शिक्षणाची रीत सोपी पण कडक. मुलाने तेथेच राहावे, माधुकरी मागावी, ग्रंथ पाठ करावा, गुरुजींपुढे अर्थ लावावा, टाळकऱ्यांत उभे राहून कीर्तनाची चाल अंगी मुरवावी. हा चार वर्षांचा क्रम. आता रविवारचा वर्ग पाहा. आठवड्यास एक तास. वर्षाचे बावन्न रविवार. त्यांतून दिवाळी, गणपती, परीक्षा, लग्नसराई वजा जाता चाळीस हाती लागले तर देवाची कृपा. चाळीस तासांत चार वर्षांचे काम होणार नाही. ते करू पाहणारा वर्ग मोडतोच. मग त्या रीतीतले काय घ्यावे?

आमच्या मते तीन गोष्टी सोडता येत नाहीत: पाठांतर, अर्थ आणि आचार. या तिन्ही सर्वांस ठाऊक आहेत. पण त्यांच्यामध्ये चौथी एक गोष्ट आहे, आणि ती नेमकी आपण विसरतो. ती म्हणजे मुलाचा प्रश्न. मुलास प्रश्न विचारू दिला नाही, तर पाठांतर ओठांवर राहते, अर्थ वहीत राहतो, आणि आचार तर घडतच नाही.

ग्रंथ हाच एक वर्ग आहे

प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा, असे काही शिकवणाऱ्यांस वाटते. त्यांनी ज्ञानेश्वरी कशी घडली आहे हे जरा पाहावे. गीतेचे ७०० श्लोक आणि माउलींच्या नऊ हजारांवर ओव्या. शके १२१२ साली नेवाशास हा ग्रंथ झाला. एवढा थोरला संसार कशावर उभा आहे? अर्जुनाच्या प्रश्नांवर. तिसरा अध्याय प्रश्नाने सुरू होतो, पाचवा प्रश्नाने, आठवा प्रश्नाने, बारावा प्रश्नाने. सतराव्याच्या आणि अठराव्याच्या आरंभीही अर्जुन विचारतोच आहे. दुसऱ्यात त्याने स्थितप्रज्ञाची लक्षणे विचारली नसती, तर ती आपल्याला कोठून मिळाली असती?

आणि विचारतो तरी कसे! चौथ्या अध्यायात देव सांगतात, हा योग मी पूर्वी सूर्यास सांगितला. अर्जुन लगेच अडवतो: देवा, सूर्य कधीचा आणि आपण कधीचे, मग हे मी खरे कसे मानू? प्रत्यक्ष भगवंताच्या तोंडावर हा संशय. तिसऱ्या अध्यायात तर माउलींच्या अर्जुनाने गाऱ्हाणेच मांडले आहे. वैद्याने आधी पथ्य सांगावे आणि मग आपणच विष द्यावे, तर रोगी जगेल कसा? आंधळ्यास आडरानात घालावे, माकडास मद्य पाजावे, तसे तुमचे बोलणे झाले, असे तो म्हणतो. वर आणखी विनवतो, की कोड्यात बोलू नका, मला मराठीत सांगा, म्हणजे उघड करून सांगा.

यावर देव रागावले काय? 'फार शहाणा झालास, खाली बस' असे म्हणाले काय? नाही. त्यांनी पुन्हा सांगितले, निराळ्या रीतीने सांगितले, अठरा अध्याय सांगितले. मग आपण कोण लागून गेलो, की दहावीच्या मुलाने 'असं का?' म्हटले की डोळे वटारावेत?

काय शिकवावे आणि कोणत्या क्रमाने

नवा वर्ग थेट ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायापासून सुरू करू नये. नमनाच्या ओव्या अत्यंत सुंदर, पण जुन्या मराठीची सवय नसलेला मुलगा तेथेच धापा टाकतो. आम्ही सुचवतो तो क्रम असा.

आधी माउलींचा हरिपाठ. अभंग सत्तावीस, फलश्रुतीचा धरून अठ्ठावीस मोजण्याचीही रीत आहे. दर रविवारी एक घेतला तर सत्तावीस रविवार झाले. नंतर पसायदान. नऊ ओव्या, तीन रविवार. उरलेले दहा रविवार बाराव्या अध्यायास द्यावेत. गीतेत त्याचे श्लोक अवघे वीस, माउलींच्या ओव्या सुमारे अडीचशे. सगळ्या होणार नाहीत. भक्ताची लक्षणे सांगणाऱ्या निवडाव्यात. असे चाळीस रविवार भरले. दुसऱ्या वर्षी तेराव्या अध्यायातली ज्ञानाची लक्षणे आणि गाथ्यातले निवडक अभंग.

एका तासाची वाटणी अशी करावी. आरंभी टाळ घेऊन हरिपाठ उभ्याने म्हणावा; दहा मिनिटे पुरेत. मुलांना टाळ आणि पावली फार आवडते, आणि आवडावीच. पण सगळा तास तीतच गेला तर ग्रंथ बांधलेलाच राहतो. मग पंधरा मिनिटे पाठांतर. शिकवणाऱ्याने एक चरण म्हणावा, मुलांनी मागून म्हणावा, तीनदा बघून, तीनदा न बघता. हल्ली सगळा ग्रंथ मोबाईलमध्ये असतो, मग पाठ कशाला, असे मुलं विचारतील. त्यांस सांगावे: बाबांनो, ग्रंथ खिशात आहे हे चांगलेच, पण दवाखान्याच्या बाकावर रात्री दोन वाजता आठवतो तो खिशातला नव्हे, कंठातला. नंतर वीस मिनिटे अर्थ. आणि शेवटची पंधरा मिनिटे मुलांची. ती शिकवणाऱ्याने खाऊ नयेत, हा या लेखातला मुख्य नियम समजावा.

एक नमुना: पसायदानाचा पाठ

आरंभ शब्दांपासून करावा. पसायदान सर्वांस पाठ असते. शाळेत म्हणून झालेले असते. म्हणूनच ते सर्वांत कमी कळलेले असते. 'खळ' म्हणजे काय, असे विचारले तर पुस्तकास कव्हर घालण्याची खळ आठवते. 'व्यंकटी' म्हटले की तिरुपतीचा व्यंकटेश आठवतो. 'दुरित' म्हणजे काहीतरी दूरचे, असे वाटते. हसू नये. मुलांनी आपली चूक आपणच पकडावी यासारखा पाठ नाही. मग फळ्यावर लिहावे: पसाय म्हणजे प्रसाद, खळ म्हणजे दुष्ट, व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, दुरित म्हणजे पाप.

आता अर्थ. एवढा ग्रंथ पुरा झाल्यावर माउली विश्वात्मक देवाजवळ मागतात काय? दुष्टांचा नाश मागत नाहीत. दुष्टांचा वाकडेपणा जावो, त्यांना चांगल्या कर्माची गोडी लागो आणि सर्व जीवांची एकमेकांशी मैत्री जडो, हे मागतात. येथे संप्रदायाची कथा सांगावी. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना वाळीत टाकले, ज्यांच्या आईबापांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले, त्या भावंडांपैकी एकाने हे मागणे मागितले आहे. दुष्टपणा म्हणजे काय हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ही गोष्ट लक्षात आली म्हणजे पसायदान गोड कविता राहत नाही. ते अंगावर येते.

मग प्रश्न येतात. एका वर्गात कॉलेजातला एक मुलगा उठून म्हणाला, "माउली, आमच्या चुलत्याने गावाकडची जमीन बळकावली. वडील त्याच काळजीने खंगले. त्या माणसाचं भलं व्हावं असं मी म्हणायचं? मला नाही म्हणवत. खोटं कशाला बोलू?"

सभामंडपात सगळे गप्प. अशा वेळी 'क्षमा करावी, क्षमा हेच संतांचे भूषण' असे म्हणून पुढच्या ओवीवर जाणे सोपे असते. पण मुलगा खरे बोलला होता, आणि खऱ्या बोलण्यास खरे उत्तर द्यावे लागते. त्यास म्हटले, "बाबा रे, ओवी पुन्हा वाच. चुलत्याच्या हातात जमीन राहो असं तीत कुठं लिहिलंय?"

त्याने वाचली. "नाही लिहिलं."

"मग काय जावो म्हटलंय?"

"वाकडेपणा."

"त्याचा वाकडेपणा गेला तर जमीन कोणाकडे येईल?"

मुलगा थोडा वेळ थांबून म्हणाला, "आमच्याकडे."

"मग एवढं तर तुला मनापासून मागता येईल ना? कोर्टात जायचं असेल तर जा. कागद नीट ठेव, वकिलाला खरं सांग. माउली तुला जमीन सोड म्हणत नाहीत. त्या माणसाचं वाटोळं होवो हे जे रात्रंदिवस मनात घोळतंय ना, त्यानं तुझी झोप गेली आहे, त्याची नाही. तेवढं सोड म्हणतात."

तो मुलगा त्या दिवशी काही बोलला नाही. पटले की नाही, हेही आम्ही विचारले नाही. पाठ देणाऱ्याने लगेच पावती मागू नये. पुढच्या रविवारी तो आला, आणि येत राहिला. एवढे सांगण्याचे कारण हे, की पसायदान त्यास लहानपणापासून पाठ होते. पण त्या दिवशी ते त्याच्या घरच्या भांडणापर्यंत पोचले. ते पोचवण्यास आमची विद्वत्ता कामी आली नाही, त्याचा प्रश्न कामी आला.

दृष्टांत माउलींचेच घ्यावेत

पुष्कळ शिकवणारे मुलांस रमवण्यासाठी इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगतात. गोष्टीस आमचा विरोध नाही. पण माउलींच्या घरी दृष्टांतांची कोठारे भरलेली असता शेजारी उसने मागावयास का जावे?

बाराव्या अध्यायात भक्त कोणाचाही द्वेष करीत नाही, हे सांगावयाचे आहे. माउली म्हणतात, पृथ्वीकडे पाहा. ती चांगल्याला धरते आणि वाइटाला टाकते असे होत नाही. पाण्याकडे पाहा, गाईची तहान भागवावी आणि वाघासाठी विष व्हावे, हे त्यास ठाऊक नाही. झाडाकडे पाहा, ज्याने लावले त्यास आणि ज्याने कुऱ्हाड घातली त्यास सावली एकच. हे दृष्टांत मुलांपुढे ठेवावेत आणि विचारावे, आणखी एक तुम्ही सांगा. मग मुलंच सांगतात. कोणी रस्त्यावरच्या दिव्याचे सांगतो, कोणी पावसाचे. एका मुलीने दवाखान्यातल्या परिचारिकेचे सांगितले. ज्याने स्वतः दृष्टांत दिला त्यास ती ओवी कधी विसरत नाही.

तेराव्या अध्यायात 'अहिंसा' या एका शब्दावर माउलींनी ओव्यांमागून ओव्या ओतल्या आहेत. आपल्याला वाटते अहिंसा म्हणजे मारू नये, एवढेच. माउली पायापासून सुरुवात करतात. भुंग्याने कमळावर जपून पाय ठेवावा, आतले केसर दुखावेल म्हणून भ्यावे, तसे त्या पुरुषाचे चालणे. मग वाणी: त्याचा शब्द ऐकणाऱ्याजवळ जाण्याच्या आधी माया जाऊन पोचते. मग डोळे, मग हात, मग मन. म्हणजे अहिंसा ही एक गोष्ट नव्हे. चालणे, बोलणे, पाहणे, धरणे या सगळ्यांची ती रीत आहे.

येथे आचाराचा पाठ द्यावा, पण थोडा. पाचही एकदम सांगू नयेत. "या आठवड्यात नुसतं बोलणं. दुसरं काही नाही. लक्ष्मी रस्त्यावर गाडी काढल्यावर पुढच्याला काय म्हणता, आई पाणी दे म्हणताना कोणत्या आवाजात म्हणता, एवढं पाहा. सुधारू सुद्धा नका. फक्त पाहा, आणि रविवारी सांगा." आपले पुणेरी बोलणे नेमके आणि धारदार असते, हे आपल्याला भूषण वाटते. धार कोणाच्या अंगाला लागते हे पाहिले, की तेरावा अध्याय कळू लागतो. पुढच्या रविवारी मुलं हसत हसत सांगतात, आणि त्या हसण्यात पाठ उतरलेला असतो.

अवघड प्रश्न टाळू नयेत

काही प्रश्न असे येतात की शिकवणाऱ्याचा घसा कोरडा पडतो. त्यांतला पहिला चोखोबारायांचा. मुलगा विचारतो, "सगळे संत समान, विठोबा सर्वांचा, असं तुम्ही सांगता. मग चोखोबांची समाधी देवळाबाहेर का?" कधी हा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरी तो तीन पिढ्या विचारला गेलेला असतो. येथे गुळमुळीत उत्तर दिले तर तो मुलगा पुन्हा येणार नाही, आणि न येण्यात त्याचे काही चुकले असेही म्हणता येणार नाही.

उत्तर सरळ द्यावे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या आणि महाद्वारापुढे समाधी झाली. ज्या देवाचे नाव त्यांनी जन्मभर घेतले, त्याच्या देवळात त्यांना जिवंतपणी पाऊल ठेवता आले नाही. पुढे १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा ते दार सर्वांना उघडले. तोपर्यंत चोखोबांना जाऊन सहाशे वर्षे होऊन गेली होती. दार उघडू नये म्हणणारेही त्याच पंढरीत होते. हे सगळे मुलांस सांगावे. संतांनी जे शिकवले ते समाजाने सहाशे वर्षे पाळले नाही, हे सांगितल्याने संत लहान होत नाहीत. झाकून ठेवले तर मात्र मुलांस वाटते की संतही त्या झाकण्यात सामील होते. आणि एवढ्यावर थांबू नये. पंक्तीत कोण कोणाशेजारी बसतो, वर्गातली मुलं एकमेकांच्या घरी पाणी पितात का, हे शिकवणाऱ्याने डोळ्यांनी पाहावे. वर्गात समता सांगून सतरंजीवर भेद राहिला, तर तो पाठ उलटा पडला.

दुसरा प्रश्न मुली विचारतात. "आम्हाला वीणा धरता येईल का? कीर्तन करता येईल का?" त्यांस मुक्ताबाईंची गोष्ट सांगावी. माउली उद्विग्न होऊन दार लावून बसले, तेव्हा ताटीचे अभंग म्हणून त्यांना बाहेर आणले ते धाकट्या बहिणीने. चांगदेवांसारख्या योग्याने गुरू केले ते त्याच लहान मुलीला. जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई ही नावे आपण रोज घेतो. त्यांची वाणी आपल्याला वंद्य, आणि त्यांच्या नाती कीर्तनास उभ्या राहिल्या तर कपाळास आठी, हे कसे? आज महाराष्ट्रात स्त्रिया उत्तम कीर्तने करीत आहेत. वर्गात पाठ म्हणून दाखवण्याची पाळी मुलींची मुलांइतकीच असावी.

तिसरा प्रश्न सर्वांत साधा आणि सर्वांत अवघड. "देव आहे कशावरून?" या प्रश्नास घाबरू नये आणि वादातही उतरू नये. आमचे मत असे, की त्या मुलास सहाव्या अध्यायातल्या अर्जुनाजवळ नेऊन बसवावे. मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरत नाही, अशी कबुली अर्जुन तेथे देतो. आणि मध्येच साधना सुटली तर त्या माणसाचे काय होते, तो दोन्हीकडून बुडतो काय, हेही विचारतो. देव त्यास धीर देतात, की चांगल्या वाटेस लागलेल्याचे कधी वाईट होत नाही. ज्याच्या मनात शंका आहे त्यास ग्रंथात जागा आहे, एवढे त्या मुलास कळले तरी त्या रविवारपुरते पुष्कळ झाले.

शिकवणाऱ्याचे नियम

आता चार गोष्टी शिकवणाऱ्यासाठी. अर्थातच त्या आम्हांसही लागू आहेत.

पहिली, पाठ घरून करून यावे. जी ओवी मुलांस पाठ करावयास सांगतो ती आपल्याला न बघता आली पाहिजे. मुलं चतुर असतात. आपली नजर पुस्तकावर किती वेळा जाते ते मोजतात.

दुसरी, जे ठाऊक नाही ते 'ठाऊक नाही' म्हणून सांगावे आणि पुढच्या रविवारी पाहून यावे. सार्थ ज्ञानेश्वरी घरी असते, जाणते कीर्तनकार शहरात आहेत, आळंदी जवळ आहे. 'पाहून सांगतो' असे म्हणून खरोखर पाहून सांगणारा शिक्षक मुलं आयुष्यभर विसरत नाहीत. नाथ महाराजांनी शके १५०६ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठभेद शोधून, ताडून पाहून. ग्रंथ ताडून पाहणे ही आपली परंपराच आहे.

तिसरी, स्पर्धा आणि बक्षिसे बेताने. पाठांतराच्या स्पर्धेत एक पहिला येतो आणि एकोणीस मागे राहतात. ज्याची जीभ जड आहे, जो शब्दास अडखळतो, त्यास हरिनामातही आपण नापास ठरलो असे वाटावे, हे बरे नव्हे. त्यापेक्षा मोठ्याने धाकट्यास शिकवावे. ज्याने दुसऱ्याकडून एक अभंग पाठ करून घेतला, त्याची पाठ थोपटावी.

चौथी, वर्गाबाहेर एक तरी सेवा असावी. पालख्या येतात तेव्हा मुलांस नुसते दर्शनास नेऊ नये. वारकऱ्यांना पाणी द्यावे, पाय चेपावेत, मुक्काम हलल्यावर जागा झाडावी. जमल्यास आळंदीहून पुण्यापर्यंतची वाट त्यांना दिंडीबरोबर चालू द्यावी. जी म्हातारी आई उन्हात हरिपाठ म्हणत चालते आणि जिला अक्षर वाचता येत नाही, तिच्याशेजारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालल्यावर मुलगा रविवारी जो प्रश्न आणतो, तो पुस्तकी नसतो.

सारांश असा. पाठांतर म्हणजे बी पेरणे, अर्थ म्हणजे पाणी घालणे, आणि आचार म्हणजे पीक. पण जमीन फोडून कोंब वर येतो तो प्रश्नाच्या रूपाने. कोंब दिसला की त्यास तण समजून उपटणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय? वर्गात मुलं किती आली याची चिंता थोडी कमी करावी. आलेल्यांपैकी किती जणांनी तोंड उघडले हे रविवारी घरी जाताना आठवावे. दहा मुलं असोत. दहांनी विचारले आणि दहांना ग्रंथातून उत्तर मिळाले, तर पुढच्या वर्षी अकरावा येईल तो त्यांच्याच बोलावण्याने.

ज्या सज्जनांच्या पेठेत अजून असा वर्ग नाही त्यांनी जवळच्या विठ्ठलमंदिराच्या पंचांस भेटावे आणि रविवारचा एक तास मागून घ्यावा. सतरंजी, टाळांच्या चार जोड्या, हरिपाठाची पुस्तके आणि एक फळा. याहून अधिक सामान लागत नाही. बाकीचे पुरवावयास पांडुरंग समर्थ आहे.

॥ रामकृष्णहरि ॥